ऑक्टोपसने दिलेली कुपी

“आता जे सांगतो त्यावर कुणीही विश्वास ठेवणार नाही,” त्र्यंबकरावांनी सुरुवात केली आणि शोकेसमधली ग्रीक कुपी संध्याबाईंच्या हातात ठेवली.

त्यांचा मुलगा राजस आईच्या पायाशी कार्पेटवर बसला होता. उद्या सकाळी तिला मेमरी केअरमध्ये, स्मृती गेलेल्यांच्या निवासात, सोडायचं होतं. बॅग भरून दाराशी ठेवलेली. दिवाळीपासून ती कुणाला ओळखत नव्हती, की तोंडातून शब्द काढत नव्हती.

एका गोष्टीवर मात्र राजसची भिस्त होती. बाबांच्या थापा. बाबांनी हॉलमध्ये थाप मारायची आणि आईने किचनमधून म्हणायचं, “खोटं.” त्याचं सगळं लहानपण यातच गेलेलं. आज तिने एकदा, फक्त एकदा, बाबांना पकडलं तर उद्याची अ‍ॅडमिशन कॅन्सल, असं तो सगळ्यांना सांगून बसला होता.

“ही नको हो, दुसरी सांगा,” सुलेखामावशी म्हणाल्या. त्या बाबांच्या जुन्या ऑफिसातल्या. आई आजारी पडल्यापासून दर रविवारी अर्विंग शहराच्या त्या टोकाहून डबा घेऊन यायच्या. आताही आईला खीर भरवत होत्या.

“हीच सांगू दे, मावशी. सगळ्यात मोठी थाप आहे,” राजस म्हणाला. खरं तर या एकाच गोष्टीला आई कधी टोकत नसे. ऐकता ऐकता उठून भांडी घासायला जाई. तिला ती आवडत असणार, असं तो धरून चालला होता.

कुपी वीतभर उंच, पांढरी, बारीक मानेची. पोटावर काळ्या रेघांत आरसा धरलेली बाई. बुडाला दुकानाचं स्टिकर अजून तसंच.

“अथेन्सची कॉन्फरन्स. तू पोटात होतास, म्हणून तुझी आई इथे आणि मी तिकडे एकटा. समुद्रात पाय सोडून बसलो, तर एक ऑक्टोपस वर आला. डोक्यावर ही, टोपीसारखी. त्याने काढून मला दिली आणि वर सलाम ठोकला.”

“कुठल्या पायाने?” राजसने विचारलं.

“उजव्या.”

मावशी हसल्या नाहीत. वाटीत चमचा फिरवत राहिल्या.

“आणि त्या ग्रीकांची चलाखी बघ. थडग्यावर ठेवायला अशी कुपी भरून तेल आणायचे. पण काही कुप्यांत मानेखाली चिमुकला कप लपवलेला असायचा. दोन चमचे ओतले की काठोकाठ भरलेली दिसते. खाली सगळी पोकळ. मेलेला थोडाच उठून बघणार आहे?”

आईचा अंगठा आरशावरच्या रेघेवरून फिरला. राजस पुढे सरकला.

“पुढे, बाबा.”

“पुढे काय, ऑक्टोपस म्हणाला, त्र्यंबकराव, जपा. जगात अशी ही एकच.”

“खोटं,” आई म्हणाली.

राजसला हसू आणि रडू एकदमच आलं. त्याने तिचे गुडघे धरले. “कॅन्सल. उद्याचं सगळं कॅन्सल. आई, परत बोल ना. काय खोटं?”

आईने तोंडाशी आलेला मावशींचा चमचा हळूच बाजूला सारला.

“राजस, दोन होत्या,” ती म्हणाली. “तू तेव्हा कडेवर होतास. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला हिच्याकडे गेले, कोट ठेवायला बेडरूममध्ये शिरले. दुसरी हिच्या उशाशी होती.”