आई आहे की!

सहकुटुंब क्रूझला जायचं म्हणून बुकिंगच्या ऑफिसात बसून मी फॉर्म भराभर भरला.

मुलांचा क्लब असलेलं जहाज हवं? नको. आई आहे की!
मुलांना सांभाळायला ताई हवी? नको. आई आहे की!
नवरा-बायकोसाठी नाचाची संध्याकाळ? हवी. रोज!

तीस वर्षं चालवलेल्या पाळणाघराला गेल्याच महिन्यात कुलूप लावून मोकळी झालेली आई शेजारी चष्मा पुसत बसली होती.

"आई, तुम्हाला चालेल ना?" बायकोने विचारलं.

"न चालायला काय झालं? मजा करा गं!"

बुकिंगवाल्या बाईंनी चारच तिकिटं पुढे सरकवली.

"अहो, आईचं राहिलं," मी म्हणालो.



"त्यांचं कालच झालं. त्यांच्या जहाजावर लहान मुलांना प्रवेश नाही."