कोरडी दोरी

दोरी कोरडी होती. सबनीस साहेबांनी ती गोराईच्या धक्क्यावर वनमालेच्या पायांशी टाकली, तेव्हा तिच्यातून धूळ उडाली.

"झालं काम," ते म्हणाले. "सगळी खाडी मोजली. तुझा नकाशा एकदम बरोबर. त्या जाळ्याच्या खुंटांपाशी तर ओहोटीलाही बरोब्बर चार मीटर. पेढे दे आता."

वनमालेने दोरीचं टोक उचललं. टोकाचं शिशाचं वजनही ठणठणीत कोरडं. डोकंच फिरलं तिचं. नकाशा तिनेच केला होता, अंधेरीच्या ऑफिसात बसून, सत्त्याऐंशीच्या जानेवारीत अमेरिकी उपग्रहाने काढलेल्या चित्रावरून. पाणी जितकं काळं दिसेल तितकं खोल, असा त्याचा हिशेब. पण खुंटांपाशी ते खोल आहे म्हणून काळं दिसतं, की तळाला काळा चिखल आहे म्हणून, हे चित्र काही सांगत नव्हतं. त्यासाठीच तर ही दोरी, ही होडी, हा सगळा खटाटोप. आणि या माणसाने होडीत बसून थर्मासमधला चहा प्यायला, तिचेच आकडे उतरवले आणि तिलाच परत आणून दिले. याच नकाशावरून माणसांनी भरलेल्या लाँचचा रस्ता ठरायचा होता.

"दोरी पाण्यात टाकलीत का, सर?"

"आता तू मला शिकवणार? वरून रिपोर्टची घाई आहे. सही कर आणि मोकळी हो."

होडी वनमालेच्या बापाची, बळवंतची. वल्हवताना त्याने सगळं डोळ्यांनी पाहिलं होतं आणि आता तो मान खाली घालून दोरखंड गुंडाळत होता. सकाळी ती स्वतः मोजायला निघाली, तर त्यानेच तिला अडवलं होतं. "होरीन बाईमाणूस नाय. तुला ठावं हाय." नारळ फोडून पुजलेली होडी, बाईचा पाय लागला की म्हणे बाटते. खोटेपणा मात्र तिला चालतो.

"बा, तू तरी बोल."

बळवंतने दोरखंडाला आणखी एक वेढा दिला.

"बरं," वनमाला म्हणाली. तिने चपला काढल्या, साडी वर खोचली, दोरी खांद्यावर टाकली आणि धक्क्याच्या कडेने चिखलात उतरली. होडी बायकांची नसेल, ओहोटीचा चिखल बायकांचाच होता. आईच्या मागे कालवं काढत ती याच चिखलात वाढली होती. पाय कुठे टाकायचा, हे तिला कुणाला विचारावं लागत नव्हतं.

"अगं, वेड लागलंय का तुला?" साहेब ओरडले. "चार मीटर आहे तिकडे. बुडशील. बळवंत, घे होडी, आण तिला."

बळवंतने साहेबांकडे पाहिलं, मग दूर जाणाऱ्या लेकीकडे.

"बसा," तो म्हणाला.

होडी खुंटांच्या अलीकडेच खरकन घासली आणि बसली. बळवंतने वल्हं आत घेतलं. पाणी अजून उतरतच होतं.

समोर वनमाला खुंटाला धरून उभी होती, गुडघाभर पाण्यात.

"आता काय?" साहेबांनी विचारलं.

"भरती यील तवा निघू," बळवंत म्हणाला आणि त्याने बिडी पेटवली.

वनमालेने शिसं पाण्यात सोडलं. ते लगेच तळाला टेकलं. बाकीची सगळी दोरी तिच्या हातातच राहिली.

"बसलाच आहात, सर, तर पेन काढा," ती म्हणाली. "चार मीटर खोडा आणि लिहा, गुडघाभर."