साहेब, पाय उचला

प्रमुख पाहुण्यांनी चौथ्यांदा "शेवटी एवढंच सांगतो" म्हटलं, तेव्हा विंगेतल्या मावशीची मिशी एका बाजूनं सुटली होती.

"डिंक वाळला गं माझा," मावशी कुजबुजली. "हे कधी आटपणार?"

मंडळातल्या धाकटीचं लक्ष कपड्यांच्या पेटीकडे होतं. पेटीत, घडी घातलेल्या पोशाखांवर, तिचं चार महिन्यांचं बाळ मुठी वळून झोपलं होतं. पोटभर प्यायलं की ते सव्वा तास उठत नसे. नाटक चाळीस मिनिटांचं. सगळं गणित जुळवून तिनं त्याला पाजलं होतं. भाषण तेवढं गणितात धरायचं राहिलं. पस्तीस मिनिटं भाषणानंच खाल्ली होती.

"मावशी, तो रडला की मला पान्हा फुटतो. मग कसलं नाटक आणि कसलं काय!"

बाहेर मागच्या पडद्यावर भल्यामोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'आदिवासी स्त्री रंगकर्मींचा गौरव'. गौरव दुपारपासून चालू होता. रंगकर्मी अजून विंगेतच होत्या.

नाटक त्यांनी स्वतः रचलं होतं. आपल्याच बोलीत, सहा महिने, पोरंबाळं निजवून. गोष्ट साधी होती. अंगणात एक साहेब येतो आणि बोलतच राहतो. बायका त्याच्याभोवती आपापली कामं उरकत राहतात. साहेब अर्थातच मावशी. मंडळात पुरुष टिकेनात, म्हणून वीस वर्षांपूर्वी मिशी तिच्या वाट्याला आली. आता ती कुणाला त्या मिशीला बोटसुद्धा लावू देत नसे.

पेटीत चुळबुळ झाली. धाकटी पेटीवर वाकली. बाळानं कूस बदलली.

मावशीनं पेटीकडे पाहिलं. मग पाहुण्यांकडे पाहिलं. कोट. पोट. वर उचललेलं बोट. नाकाखाली अस्सल मिशी. तिनं एक मोठा सुस्कारा सोडला आणि स्वतःची मिशी उपटून काढली.

"झाडू घे, धाकटे. साहेब आलेलाच आहे."

धाकटी झाडत झाडत रंगमंचावर शिरली. मागून दोघी घागरी घेऊन. दिवेवाल्याला वाटलं, सुटलो, नाटक सुरू झालं! त्यानं अंगणातलं पिवळं ऊन सोडलं. त्यात पाहुणे न्हाऊन निघाले.

"या भगिनींना," ते गरजत होते, "आपण हक्काची जागा दिली पाहिजे!"

झाडू त्यांच्या बुटांपाशी येऊन थांबला. एवढं एकच वाक्य धाकटीनं त्यांना कळेल अशा भाषेत म्हटलं.

"साहेब, पाय उचला."

पाहुण्यांनी उचलला. सभागृहात हशा आणि टाळ्यांचा एकच कल्लोळ उठला.

पाहुणे आधी दचकले, मग खुलले. त्यांच्या वाक्यावाक्याला आजवर कुणी टाळी दिली नव्हती. आवाज चढला. "त्यांच्या डोक्यावरचा भार आपण उचलला पाहिजे," ते म्हणाले. एकीनं घागर त्यांच्या हातात दिली. "त्यांचं म्हणणं ऐकून घेतलं पाहिजे," ते म्हणाले आणि बोलतच राहिले. मागच्या रांगेतला एक जण हसता हसता खुर्चीवरून घसरला.

शेवटी त्यांचा घसा बसला. नाटकात होतं तसंच धाकटीनं पाणी पुढे केलं. ते पहिला घोट घेताहेत तोच तिनं गाणं धरलं. बोली कुणालाच कळत नव्हती. तरी हसतं सभागृह हळूहळू निवत गेलं. पाहुणेही घागर कडेवर घेऊन उभे राहिले. गप्प.

टाळ्या कडाडल्या आणि पेटीतून बाळानं सूर लावला. बरोबर चाळिसाव्या मिनिटाला. पडदा जमिनीला टेकायच्या आत धाकटी पेटीपाशी होती.

पाहुणे घाम पुसत विंगेत आले. चेहरा नुसता उजळलेला.

"बत्तीस वर्षं भाषणं करतोय हो, पण लोक असे कानात प्राण आणून कधी ऐकत नाहीत. पुढचा कार्यक्रम कधी आहे तुमचा?"

धाकटीनं भिंतीकडे तोंड करून बाळाला पदराआड घेतलं होतं. तिचे खांदे हसण्यानं गदगदत होते. मावशीनं तळहातावरची मिशी एकदा डोळे भरून पाहिली, रुमालात गुंडाळली आणि पेटीच्या तळाशी ठेवून दिली.

"कळवू की. फक्त पाठ करून येऊ नका हं, साहेब. आजच्यासारखंच बोला."