नमुन्याची बाटली

गावाच्या पाण्याचा अहवाल दर वेळी ‘पिण्यास योग्य’ यायचा, तरी वर्षालीच्या दहा महिन्यांच्या लेकीचे जुलाब थांबत नव्हते. म्हणून जलसुरक्षक बाबारावकाका वर्ध्याच्या प्रयोगशाळेसाठी नमुना घ्यायला निघाले, तेव्हा तीही लेकीला कडेवर घेऊन मागोमाग गेली. काकांनी घरी जाऊन स्वतःच्या फिल्टरखाली बाटली धरली. “हे काय करून राह्यले, काका?” “पाहुण्याले कोणी असंतसं पाणी देते काय, सूनबाई? सायबाच्या हाती जाते, गावाची इज्जत हाय!” वर्षालीनं लेकीला पुढं केलं. “साहेब ते पीत नाई, तपासतात. पिते माही पोरगी.” काकांनी पोरीचे सुकलेले ओठ पाहिले आणि नवी बाटली वर्षालीच्या नळावर भरली. आठवड्यानं त्यांनीच पंचायतीच्या फळ्यावर ‘पिण्यास अयोग्य’ लिहिलं आणि फुटकी पाइपलाइन शोधायला कुदळ उचलली. तो वाईट शेरा वाचून वर्षालीचा जीव भांड्यात पडला.