मम्माच्या कपाटातली जागा

समोरच्या संघातल्या पर्नेल न्हाव्याने आपल्या गड्यासाठी फेकलेला चेंडू थेट कॉर्डेलच्या छातीवर आदळला आणि तिथेच राहिला.

शाळेच्या माजी विद्यार्थ्यांचा अमेरिकन फुटबॉलचा दर वर्षीचा सामना होता. मैदानावर सगळीच सुटलेली पोटं. त्यात त्रेचाळीस वर्षांचा कॉर्डेल गिलरी एकटाच पोटासाठी खेळलेला, तोही अकरा वर्षं, लाइनबॅकर म्हणून. लाइनबॅकरने चेंडू घेऊन पळणाऱ्याला आडवं करायचं. त्याच्या स्वतःच्या हाती चेंडू लागणं म्हणजे लॉटरीच.

"बंधूंनो, भगिनींनो!" माइकवरून डीकन हॉलिस गरजले. चर्चमध्ये पापी माणसांना हाक मारतात, तोच आवाज. "चेंडू कॉर्डेलकडे आहे! देवा, आता तूच सांभाळ रे बाबा!"

सगळं मैदान खो खो हसलं. कारण अकरा वर्षांत ती लॉटरी त्याला एकदाच लागली होती. नव्वद हजार लोकांसमोर हा पठ्ठ्या मोकळ्या मैदानातून एकटा धावला, आनंदाने हात पसरले आणि चेंडू टाकून दिला. गुणांसाठी जी रेष ओलांडायची, तिच्या हातभर अलीकडे! गुण गेले.

रेष पार केलेला पहिला चेंडू आईला नेऊन द्यायचा, ही तिथल्या खेळाडूंची रीत. मम्मा अर्नेस्टीनने त्यासाठी त्याच्या पहिल्याच वर्षी लाकडी बैठक आणून काचेच्या कपाटात ठेवली होती. दर शनिवारी ती पुसायची. रिकामीच. त्यावरून ती कधी एका शब्दाने बोलली नाही, आणि कॉर्डेलला तेच सगळ्यात जास्त लागायचं.

तो पळत सुटला. गुडघे कुरकुरत होते. मागून पर्नेल धापा टाकत ओरडला, "थांब रे! वर्षभर फुकट केस कापतो!"

"आहेत कुठे केस?" कॉर्डेलने न वळता विचारलं.

रेष दहा पावलांवर आली आणि पर्नेलच थांबला. गुडघ्यांवर हात टेकून बेंबीच्या देठापासून ओरडला, "दोन्ही हातांनी धर, गाढवा! दोन्ही हातांनी!"

मग सगळेच ओरडू लागले. आपले, परके, शेगडीवर सॉसेज परतणाऱ्या बायासुद्धा. "टाकू नकोस! टाकू नकोस!"

कॉर्डेलने रेष ओलांडली. थांबला नाही. धावपट्टी ओलांडली, सॉसेजची टपरी ओलांडली, पायऱ्या चढून वर गेला. वर एक्याऐंशी वर्षांची मम्मा रविवारची जांभळी टोपी घालून बसली होती, मांडीवर गंबोच्या रश्श्याचा वाडगा.

"मम्मा, घे," तो म्हणाला. डोळ्यांतून धारा लागल्या होत्या आणि तो हसत होता. इतका आनंद त्याला अकरा वर्षांत कधी झाला नव्हता.

मम्माने वाडगा बाजूला ठेवला. हात रुमालाला पुसले. चेंडू धरला आणि ओढला. येईना. पुन्हा ओढला. कॉर्डेलच्या दोन्ही हातांची मिठी सुटत नव्हती.

"कॉर्डेल," ती म्हणाली, "अरे बाळा, रेष मागे राहिली. आता सोड."