वळणावरचा फ्लेक्स

गुढियारीच्या वळणावर कुण्या नेत्याच्या वाढदिवसाचा भलामोठा फ्लेक्स होता. त्याच्या आडून आलेला ट्रक बंदोबस्तावरच्या दोन शिपायांना दिसलाच नाही. दोघंही जागीच गेले. महापौर सुनीतीताई पेटून उठल्या. शहरातला एकूण एक फ्लेक्स उतरवायला लावताना त्यांनी नगरसेवकांशी भांडणं ओढवून घेतली, स्वतःच्या पक्षातल्यांच्या शिव्या खाल्ल्या.

आठवड्यानं त्या वळण बघायला गेल्या, तर तिथं आधीपेक्षाही मोठा फ्लेक्स. ‘वीर शहिदांना विनम्र श्रद्धांजली.’ खाली दोन्ही शिपायांचे फोटो, वर हात जोडलेल्या खुद्द सुनीतीताई.

“सांगून सांगून थकली मी! काहून लावला हा? काढा आत्ताच्या आत्ता!”

पालिकेचा माणूस शिडी लावू लागला, तसा तिथं नव्यानं ड्यूटीला आलेला शिपाई प्रशिक हात पसरून फ्लेक्सपुढे उभा राहिला.

“दीदी, तुमचा फोटो कापून टाका पाहिजे तर. पण माह्या साथीदारांले नका उतरवू.”

त्याचे डोळे भरून आले होते.

तेवढ्यात फ्लेक्सच्या मागून ट्रकचा हॉर्न वाजला.