भाऊबीजेचा भाव

भाऊबीजेच्या दुपारी कुसुमताई नवऱ्याला म्हणाल्या, "अहो, मोबाईलवर पाहून सांगा ना, एका पाऊंडाचे आज किती युरो भेटून राहिले? आणि मागच्या भाऊबीजेले किती भेटत होते?"

रेल्वेतून निवृत्त झालेल्या श्यामकांतरावांनी चष्मा लावून शोधलं. "मागच्या वर्षी एक युरो एक्केचाळीस सेंट होते. आज एक युरो अकरा. लय पडला पाऊंड."

कुसुमताईंनी लगेच लंडनला मुलाला फोन लावला. "शिशिर, श्रावणी विचारत होती रे. म्हणे, पाऊंड एक युरो एक्केचाळीसवरून एक युरो अकरावर आला, दादाले काही त्रास तर नाही ना?" पलीकडचं शांतपणे ऐकून घेऊन त्यांनी फोन ठेवला.

श्यामकांतराव त्यांच्याकडे पाहतच राहिले. "तीन वर्षांपासून भावाबहिणीचं बोलणं बंद आहे. श्रावणीनं तुले हे कधी विचारलं?"

"ती कशाले विचारते? मीच विचारते तिच्या नावानं. अन् तिले फोन केला की याच्या नावानं युरोची चौकशी करते. आधीचा अन् आजचा भाव सांगितला की खोटं वाटत नाही."

"आणि पटते त्यांले?"

"हव. पण आतापर्यंत दोघंही नुसते हूं म्हणत होते." कुसुमताईंनी श्रावणीचा जर्मनीतला नंबर लावला आणि फोन कानाला धरला. "आज शिशिर म्हणाला, तिले सांग, दादा मजेत आहे, तू तब्येत सांभाळ. आज मले माझ्या मनचं काही सांगा लागत नाही."